कॉन्ट्रास्ट हातातून की पाठीतून?

प्रश्न : आईचं वय ५२. खाली वाकली की उजव्या नाकपुडीतून स्वच्छ पाणी टपकतं. तीन महिने सर्दीच्या गोळ्या झाल्या. आता डॉक्टर म्हणतात, मेंदूभोवतालचं पाणी गळतंय. पाठीत औषध टोचून एमआरआय करू. धोका किती?
— एक वाचक, सिडको, नाशिक

उत्तर : होकार देण्याआधी विचारा, त्याआधीच्या पायऱ्या झाल्यात का?

गळणारं पाणी मेंदूचंच आहे हे आधी ठरायला हवं. त्यासाठी बीटा-२ ट्रान्सफेरिन या, मेंदूभोवतालच्या पाण्यात असणाऱ्या प्रथिनाची तपासणी. आईंना पुढे वाकवून बसवा आणि थेंब थेट निर्जंतुक ट्यूबमध्ये धरा. एक मिलिलिटर पुरतं. कापसावर टिपलेलं चालत नाही. नमुना बाहेरगावी जाणार असेल तर बर्फाच्या पॅकसोबत पाठवा. शुगरच्या पट्टीवर विसंबू नका, अश्रूंतही साखर असते.

मग सायनस आणि कवटीच्या तळाचा एक मिलिमीटर किंवा त्याहून पातळ कापांचा सीटी, आणि सिस किंवा फिएस्टा सिक्वेन्सचा (पाणी ठळक दाखवणाऱ्या पद्धतीचा) साधा एमआरआय. यात सुई नाही. सीटीत हाडाचं भोक दिसतं. एमआरआयमध्ये पांढरंशुभ्र पाणी त्याच भोकातून सायनसमध्ये उतरताना दिसतं. दोन्हींत जागा एकच निघाली, तर शस्त्रक्रिया ठरवायला बहुधा तेवढं पुरतं. भोकं एकाहून जास्त असतील किंवा जागा कळतच नसेल, तरच पाठीत औषध टोचण्याचा विचार.

खरा धोका सुईपेक्षा मात्रेत आहे. शिरेतून द्यायचं गॅडोलिनियम (स्कॅनमध्ये चमकणारं औषध, म्हणजेच कॉन्ट्रास्ट) ६० किलोच्या माणसाला साधारण १२ मिलिलिटर लागतं. तेच मणक्यातल्या पाण्यात सोडायचं तर सहसा फक्त अर्धा मिलिलिटर, तोही रुग्णाच्याच चार-पाच मिलिलिटर पाण्यात मिसळून, सावकाश. शिरेची मात्रा चुकून पाठीत गेली तर झटके, बेशुद्धी, मृत्यूही होऊ शकतो. त्यात मेख अशी की गॅडोब्युट्रॉलसारखं औषध नेहमीच्या दुप्पट तीव्रतेचं असतं, म्हणजे तोच अर्धा मिलिलिटर दुप्पट पडतो. म्हणून किती मिली हे विचारू नका, किती मिलिमोल (म्हणजे प्रत्यक्ष औषध किती) ते विचारा. उत्तर ०.२५ च्या आसपास यावं, ०.५ च्या वर तर नकोच. सिरिंजवर लेबल हवं आणि मात्रा दोघांनी तपासलेली हवी. पाठीतला हा वापर औषधाच्या मान्यतेबाहेरचा आहे. संमतिपत्रात तसं लिहिलेलं नसेल तर लिहून मागा.

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, पेसमेकर, पूर्वीची अ‍ॅलर्जी हे आधीच सांगा. टोचण्यापूर्वीचा एक स्कॅन हवाच, नाहीतर नंतरची चमक औषधाची की आधीचीच, हे कळत नाही. नंतर डोकं खाली करून झोपवतात आणि तासा-दोन तासांनी स्कॅन घेतात. गळती मंद असेल तर दुसऱ्या दिवशी पुन्हा. स्कॅनच्या वेळी नाक कोरडं असेल तर अहवाल ‘नॉर्मल’ येऊ शकतो, त्यावर निर्धास्त होऊ नका.

तोवर नाक शिंकरणं, जड उचलणं, शौचाला कुंथणं टाळा. ताप, मान आखडणं, गुंगी यांपैकी काहीही दिसलं तर सकाळची वाट न पाहता इमर्जन्सी गाठा. मेंदूज्वर असू शकतो.

प्रश्न : भाऊ ४५ वर्षांचा. उभा राहिला की डोकं ठणकतं, आडवा झाला की थांबतं. हातातून कॉन्ट्रास्ट देऊन मेंदूचा एमआरआय सांगितलाय. क्रिएटिनिन १.३ आहे, चालेल का?
— एक वाचक, जेल रोड, नाशिक रोड

उत्तर : चालेल. या वयात १.३ म्हणजे ईजीएफआर, म्हणजे मूत्रपिंडाच्या गाळण्याचा अंदाज, ७० च्या आसपास. काळजी ३० च्या खाली.

उभं राहिल्यावर ठणकणारं डोकं मेंदूभोवतालचं पाणी कुठेतरी गळत असल्याची खूण असू शकते. पण या स्कॅनमध्ये गळतीचं भोक सापडणार नाही. पाणी कमी झाल्याच्या खुणा दिसतात: मेंदूचं आवरण सगळीकडे सारखं चमकतं, शिरा फुगतात, मेंदू खाली ओघळतो. कॉन्ट्रास्टशिवाय आवरणाची ही चमक दिसत नाही, म्हणून पैसे वाचवायला साधा स्कॅन करू नका. सुमारे पाचातल्या एका रुग्णात मात्र स्कॅन नॉर्मल येतो. अशी आपोआप झालेली गळती बहुतेक मणक्यात असते. तेव्हा संपूर्ण मणक्याचा, चरबीचा सिग्नल दाबलेला टी-२ (पाणी उजळ दाखवणारा) एमआरआय त्याच बैठकीत करून घेता येईल का, हे केंद्रावर आधीच विचारा. त्याला इंजेक्शन लागत नाही.