कोल्हापुरात राहून इंटरव्हेन्शनल कार्डिओलॉजीत संशोधन करता येतं का?

तुम्ही लिहिलंय की डीएमचं (हृदयरोगातल्या वरच्या पदवीचं) शेवटचं वर्ष चालू आहे, घर कोल्हापूरचं आहे, परत येऊन प्रॅक्टिस करायची इच्छा आहे पण संशोधन सोडवत नाही. इथं ते जमेल का, की परदेशात फेलोशिप घेऊन तिकडंच राहावं?

जमतं. मी करतोय. आणि "कोल्हापुरात कसलं रिसर्च?" हे वाक्य मी इतक्या मोठ्या माणसांच्या तोंडून ऐकलंय की तुमचा प्रश्न वाचून गप्प बसवेना.

मी परत आलो तेव्हा ज्या हॉस्पिटलात लागलो, तिथल्या ज्येष्ठ सरांना म्हटलं, हार्ट अटॅकच्या प्रत्येक पेशंटची रजिस्ट्री ठेवू या. छातीत कधी दुखायला लागलं, पहिला ईसीजी कुठं आणि कधी निघाला, थ्रोम्बोलिसिस (गुठळी विरघळवायची सुई) कधी झालं, बंद शिरेतून वायर कधी पलीकडं गेली, आणि वर्षानं माणूस कसा आहे. सर म्हणाले, "हे पगारी प्राध्यापकांचं काम आहे. आपण केसेस करायच्या. जर्नलवाल्यांना गडहिंग्लजच्या म्हाताऱ्याचं काय पडलंय?" सरांचा हात विलक्षण होता. अवघड लीजनमधून (शिरेतल्या अडथळ्यातून) वायर काढायला मी त्यांच्याकडं शिकलो, ते ऋण आहेच. पण हे वाक्य चूक होतं, तेव्हाही आणि आजही.

२००८ साली लॅन्सेटमध्ये आलेली, देशभरातल्या हार्ट अटॅक पेशंटची क्रिएट रजिस्ट्री तुम्ही वाचलीच असेल. ८९ केंद्रं, वीस हजारांवर पेशंट, आणि दुखणं सुरू झाल्यापासून हॉस्पिटल गाठेपर्यंतचा मध्यक ३६० मिनिटं. हा देशाचा आकडा. चंदगडचा किती, गगनबावड्याचा किती, हे कुणी मोजलं होतं? आणि ते न मोजता आम्ही कॅथलॅबमधल्या (अँजिओप्लास्टीच्या खोलीतल्या) डोअर-टू-बलूनच्या, म्हणजे पेशंट दारात आल्यापासून बलून फुगेपर्यंतच्या, मिनिटांवर एकमेकांची पाठ थोपटत होतो.

मोजायला बसल्यावर पहिली अडचण आली ती घड्याळाची. "किती वाजता दुखायला लागलं?" याचं उत्तर कुणीच देत नाही. उत्तर येतं, "धारा काढाय बसलो हुतो तवा," नाहीतर "मुक्कामाची एसटी येऊन गेल्ती." आमच्या युनिटमध्ये भुदरगडकडच्या एक सिस्टर आहेत. त्यांनी प्रश्नच बदलून टाकला. त्या विचारायच्या, त्या वेळी काय करत होता, घरात कोण होतं, जेवण झालं होतं का. मग गावातल्या दूध संस्थेची आणि एसटीची वेळ धरून आकडा काढायचा. हे कुठल्याही प्रोटोकॉलच्या पुस्तकात मिळणार नाही. त्यातून जे दिसलं ते असं: रस्त्यात वेळ जातो, पण त्याहून जास्त वेळ घरात जातो. "पित्त झालंय" म्हणून सोडा पिऊन सकाळपर्यंत थांबणं, आणि मग ज्या पहिल्या डॉक्टरकडं जावं तिथं ईसीजीचं मशीन नसणं. हे कळल्यावर आम्ही तालुक्यातल्या डॉक्टरांना फोनवर ईसीजी वाचून द्यायला लागलो. नवा स्टेंट आणून जेवढा फरक पडला नसता तेवढा त्यानं पडला, असं माझं मत आहे.

पण मला सांगायचंय ते फॉलो-अपचं, कारण सरांशी खरा वाद त्यावरच झाला. "वर्षानं कोण सापडतंय तुला? निम्मे पेशंट गळतील, मग पेपर कोण घेणार?" असं ते म्हणायचे.

राधानगरीच्या बाजूचे एक मामा होते. अँटिरियर वॉल एमआय (हृदयाच्या पुढच्या भिंतीचा अटॅक), एलएडीत (त्या भिंतीच्या मुख्य शिरेत) स्टेंट. वर्षाच्या फोनला "हा क्रमांक सेवेत नाही." मोठ्या शहरातल्या रजिस्ट्रीत त्यांच्यापुढं 'लॉस्ट टू फॉलो-अप' असा शिक्का बसला असता आणि विषय संपला असता. सिस्टरांनी त्यांच्या गावच्या दूध संस्थेच्या सचिवाला फोन लावला. आजाराचं अक्षर काढलं नाही, फक्त मामा कुठं भेटतील एवढंच विचारलं. सचिवानं मुलाचा नंबर दिला, मुलानं रविवारी या म्हणून सांगितलं. संमतिपत्रात 'गरज पडल्यास घरी येऊन चौकशी करू' असं कलम आम्ही आधीच घातलं होतं, म्हणून जाता आलं.

मामा गोठ्यात होते. ठणठणीत. बीपी घेतलं, ईसीजी काढला आणि गोळ्यांचं विचारलं.

"त्या व्हय? बंद केल्या की."

"कधी?"

"दिवाळीच्या आधी. अंगावर काळंनिळं डाग पडाय लागलं. म्हटलं रक्त नासलं."

ॲस्पिरिन आणि टिकाग्रेलॉर, स्टेंटमध्ये गुठळी होऊ नये म्हणून दिलेल्या दोन्ही गोळ्या बंद. स्टेंट घालून सहा महिनेसुद्धा झाले नव्हते. गावात कुणीतरी सांगितलं होतं की ह्या गोळ्या रक्ताचं पाणी करतात. डिस्चार्जच्या वेळी आम्ही 'गोळ्या बंद करू नका' हे सांगतोच, सगळेच सांगतात. पण डाग पडतील, ते दिसले तर घाबरू नका, आधी फोन करा, हे वाक्य कुठल्याच छापील कार्डावर नव्हतं. त्यानंतर आमच्या फॉर्ममध्ये तीन प्रश्न वाढले: गोळी बंद केली का, कशामुळं, कुणाच्या सांगण्यावरून. उत्तरं काय आली? डाग. दात काढायचा होता. मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं. बरं वाटतंय तर कशाला. स्टेंट थ्रोम्बोसिस (स्टेंटमध्ये गुठळी) होऊन परत आलेल्या पेशंटच्या फायली काढल्या, तर त्यांतही हीच कारणं. डिस्चार्ज कार्ड बदललं, दातांच्या आणि डोळ्यांच्या डॉक्टरांना पत्रं गेली. त्यावर लिहिलेला पेपर एका जर्नलनं परत पाठवला, दुसऱ्यानं घेतला.

इथला माणूस सापडतो, सर. शाखा, सोसायटी, दूध संस्था, तालीम, पाहुणेरावळे, कुठून ना कुठून तो सापडतोच. ही आपली ताकद आहे, आणि ती मोठ्या शहरातल्या संस्थेला पैसे मोजूनही विकत घेता येत नाही. तिथं चार राज्यांतून पेशंट येतो, स्टेंट घालून गाडीत बसतो आणि दिसेनासा होतो.

तुम्हाला कुणी म्हणेल की ही संशोधनाची कारकीर्द नाही, ही हिशेबाची वही आहे. त्याला हृदयाची शीर बलूननं पहिल्यांदा उघडणाऱ्या ग्रुंट्झिगच्या पहिल्या पेशंटचं उदाहरण द्या. १६ सप्टेंबर १९७७ ला झुरिकमध्ये फुगवलेला तो बलून सगळ्यांना पाठ असतो. त्या पेशंटची शीर तेवीस वर्षांनंतरही उघडी आहे, हे २००१ साली न्यू इंग्लंड जर्नलमध्ये छापून आलं. ग्रुंट्झिग स्वतः १९८५ मध्येच विमान अपघातात गेला होता, तरी माणूस कुणी नजरेआड होऊ दिला नाही. आणि संख्या कमी पडते असं म्हणणाऱ्याला २०१७ ची ऑर्बिटा ट्रायल दाखवा. पेशंट फक्त २००, पण खोट्या प्रोसीजरशी तुलना करायचं धाडस केलं आणि स्थिर अँजायनातल्या (श्रमानं छातीत दुखण्यातल्या) स्टेंटिंगबद्दल जगाला परत विचार करावा लागला.

लहान शहराचंच म्हणाल तर केरळकडं बघा. तिथल्या एसीएस (हार्ट अटॅक आणि त्याच्या जातीचे आजार) रजिस्ट्रीत १२५ हॉस्पिटलांतले २५,७४८ पेशंट होते. २०१३ च्या त्या पेपरचे पहिले लेखक डॉ. पी. पी. मोहनन हे त्रिशूरचे. तमिळनाडूतलं स्टेमीचं (शीर पूर्ण बंद होऊन येणाऱ्या अटॅकचं) काम, लहान हॉस्पिटलात थ्रोम्बोलिसिस करून पेशंट कॅथलॅबकडं पाठवायची साखळी, ते उभं करणारे डॉ. थॉमस अलेक्झांडर कोइम्बतूरचे. वर्षभरातले मृत्यू १७.६ टक्क्यांवरून १४.२ वर आले. २०१९ च्या पुरात शिरोलीजवळ हायवे पाण्याखाली होता तेव्हा मला त्या साखळीचं मोल नीट कळलं. पलीकडच्या पेशंटला त्या दिवसांत तालुक्यातली सुई हाच इलाज होता. त्रिशूर आणि कोइम्बतूरला जमतं ते कोल्हापूरला का जमू नये, याचं उत्तर सरांनी मला आजवर दिलेलं नाही.

आता काही गोष्टी, ज्या खरं तर आधी सांगायला हव्या होत्या. संख्याशास्त्र जाणणारा माणूस पहिल्या दिवसापासून बरोबर हवा, डेटा गोळा झाल्यावर नव्हे. एथिक्स कमिटीची मंजुरी पहिला पेशंट घेण्याआधी घ्या. ट्रायल करणार असाल तर सीटीआरआयवर (देशाच्या ट्रायल-नोंदवहीत) नोंदणीही आधीच, १ एप्रिल २०१८ पासून ती मागाहून होत नाही. कंपनी फॉर्म देते, पैसे देते आणि पेपरही तीच लिहिते, अशा 'रजिस्ट्री'त नाव घालू नका. पैसे देऊन छापणाऱ्या जर्नलांच्या ईमेल येतील, त्यांना उत्तर देऊ नका. रात्रीच्या प्रायमरीनंतर (अटॅकमधल्या तातडीच्या अँजिओप्लास्टीनंतर) फॉर्म भरायचा जीव राहत नाही, म्हणून एक माणूस पगारावर ठेवा. तो पगार बरीच वर्षं तुमच्याच खिशातून जाईल, घरी आधी बोलून घ्या. आणि पहिल्यांदाच माणसात वापरायची नवी व्हॉल्व्ह, नवा स्टेंट, असलं काम करायची ओढ असेल तर इथं येऊ नका. त्याला लागणारी कोअर लॅब (तपासण्या तटस्थपणे वाचणारी लॅब), इंजिनिअर, प्राण्यांवरच्या चाचण्यांची सोय इथं नाही.

फेलोशिप जरूर करा, एक वर्ष, जमलं तर दोन. हात इथंही बसेल, केसेस भरपूर आहेत. तिथं प्रोटोकॉल लिहायला शिका, एंडपॉइंट (काय मोजून निकाल लावायचा ते) कसा ठरवतात ते बघा, ट्रायलच्या बैठकांत मागच्या खुर्चीवर का होईना बसा. नंतर तिकडंच राहावंसं वाटलं तर राहा, पगार आणि मुलांच्या शाळा ही साधी, खरी कारणं आहेत. फक्त 'कोल्हापुरात संशोधन होत नाही म्हणून' असं सांगू नका. यायचं ठरलं तर मेसेज करा. चंदगड-आजऱ्याकडच्या नोंदी आमच्याकडं अजून फार तोकड्या आहेत आणि त्या भागात फिरणारा कार्डिओलॉजिस्ट मला हवाच आहे.