रोजच्या फोटोंसाठी छोटा मिररलेस: पैसे द्यायच्या आधी आठ दिवस मागून घ्या

जुना डीएसएलआर, म्हणजे आत आरसा असलेला मोठा कॅमेरा, कपाटात पडून आहे, फोनच्या फोटोंनी समाधान होत नाही, आणि ओळखीतल्या एकाकडे वापरलेला सोनी ए६००० हा मिररलेस, म्हणजे आरसा नसलेला कॅमेरा, मिळतोय. घ्यावा का, असं तुम्ही विचारलंय. माझं मत, घ्या. पण आधी आठ दिवस मागून घ्या आणि आपल्या सोलापूरच्या उजेडात वापरून बघा. दुकानात हातात धरून काही कळत नाही.

मी सगळ्यात आधी घेतलेल्या मिररलेसला व्ह्यूफाइंडरच, म्हणजे डोळा लावून बघायची खिडकीच, नव्हता. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली स्क्रीन छान दिसली. एप्रिलात भर दुपारी सिद्धेश्वर तलावाच्या काठावर उभा राहिलो, तर स्क्रीनवर काहीच दिसेना. मंदिराचं शिखर चौकटीत आलंय की कापलं गेलंय, सगळा अंदाजपंचे कारभार. ए६००० ला व्ह्यूफाइंडर आहे, आणि आपल्याकडच्या उन्हात तो हवाच.

वजनाचं म्हणाल तर बॅटरी आणि कार्डासह बॉडी ३४४ ग्रॅम, सोबतची १६-५० एमएमची झूम लेन्स ११६ ग्रॅम. बंद केली की लेन्स आत जाते. मी हा कॅमेरा भाजीच्या पिशवीत टाकून मंडईत नेतो. सेन्सर, म्हणजे फोटो टिपणारी चिप, मात्र एपीएस-सी या नेहमीच्या मापाच्या डीएसएलआरएवढाच आहे, त्यामुळे आकार लहान म्हणून फोटोत काही गमवावं लागेल ही भीती सोडा.

खरी परीक्षा यंत्रमागाच्या कारखान्यात. मालकाला विचारून एकदा जाऊन याच. जुन्या ट्यूबा असतील तर त्यांचा उजेड सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतो, कारण आपली वीज ५० हर्ट्झची. शटर १/५०० सेकंदावर ठेवलंत तर एक फोटो उजळ, दुसरा काळपट, तिसऱ्यावर पट्टे. १/१०० वर या. आडवं सूत नेणारा धोटा पुसट रेघेसारखा येतो, पण मागापाशी उभ्या विणकराचा चेहरा आणि विणलेली चादर स्वच्छ येते. मला असे फोटो फार आवडतात, आपल्या गावाची ती चाल त्यात उतरते. मात्र आत लेन्स बदलू नका. मिररलेसमध्ये सेन्सरपुढे आरसा नसतो, लेन्स काढली की सेन्सर उघडाच पडतो आणि तिथं हवेत सुताची कसपटं उडत असतात.

सोबतची लेन्स झूम करून ५० वर नेली की एफ ५.६ होते (एफचा आकडा जितका मोठा, तितका उजेड कमी), अंधाऱ्या जागी ती कमी पडते. पुढे पैसे जमले की ३५ एमएम एफ १.८ घ्या, उजेड नऊ पटींहून जास्त मिळतो.

आणि जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वजांची मिरवणूक टिपायला जाल, तेव्हा चौकटभर पांढऱ्या बाराबंद्या, म्हणजे बंद बांधायचे अंगरखे, असतात. एवढं पांढरं दिसलं की कॅमेरा फोटो काळपट करतो. एक्स्पोजर, म्हणजे फोटोचा उजळपणा, +०.७ करा. व्ह्यूफाइंडरमध्ये फोटो काढायच्या आधीच फरक दिसतो. आरशाच्या कॅमेऱ्यात डोळा लावून हे दिसायचं नाही, फोटो काढून मागची स्क्रीन बघावी लागायची. रोजच्या फोटोसाठी मला मिररलेस आवडण्याचं मुख्य कारण हेच.

वापरलेला घेताना एफ १६ वर मोकळ्या आकाशाचा फोटो काढून मोठा करून बघा, सेन्सरवरचे डाग लगेच दिसतील. लेन्स दहा-वीस वेळा उघडबंद करून ती अडकत नाही ना हे तपासा. हे मॉडेल २०१४ चं आहे, तेव्हा बॅटरी दमलेली असणार. नवी असतानाही ती एका चार्जवर तीनशे-साडेतीनशे फोटोच देते. एक जादा बॅटरी खर्चात धराच.

३५ ची लेन्स माझ्याकडे आहे. रविवारी सकाळी सातच्या सुमारास मी भुईकोट किल्ल्यापाशी असतो. मागून घेतलेला कॅमेरा घेऊन या मालक, माझी लेन्स लावून बघा आणि मगच ठरवा.