मग तुम्ही घरी कसे पोहोचलात?

"मॅडम, मी तसा रागीट नाही. पण रस्त्यावर उतरलो की डोकं फिरतं, आणि मग दिवसभर ताळ्यावर येत नाही."

हे वाक्य थोड्याफार फरकाने मी किती जणांकडून ऐकलं असेल! सायकलने ऑफिसला जाणारे सांगतात, स्कूटीवरून मुलांना शाळेत सोडणाऱ्या आया सांगतात, कॅब चालवणारेही सांगतात. माझ्याकडे समुपदेशनाला यायचं कारण बहुधा दुसरंच असतं. झोप लागत नाही, घरात खटके उडतात, बीपी वाढलंय. दोन-तीन भेटी झाल्या की रस्त्याचा विषय निघतो, आणि एकदा निघाला की बाकीचे विषय मागे पडतात. शेवटी प्रत्येक जण एकाच निष्कर्षावर येऊन थांबतो: "या शहरात माणुसकी राहिलीच नाही."

यातलं सगळंच मनाचे खेळ म्हणून मी कधी सोडून देत नाही. पुणं एके काळी सायकलींचं शहर होतं. सायकलला दिवा नाही किंवा डबलसीट बसलात म्हणून पोलिसांनी पकडल्याच्या आठवणी आजही सत्तरीतली माणसं रंगवून सांगतात. आज कर्वे रस्त्यावर वरून मेट्रो धावते, आणि खाली सायकलवाल्याच्या वाट्याला कडेची हातभर पट्टी येते. त्या पट्टीतही उभ्या गाड्या असतात, ड्रेनेजची झाकणं असतात आणि उलट्या दिशेने येणाऱ्या दुचाक्या असतात. धोका खरा आहे. जो धोका खरा आहे त्याची भीती वाटणं हे शहाणपणाचंच लक्षण. माझं काम त्यापुढे सुरू होतं.

ज्यांची गोष्ट सांगणार आहे त्यांना आपण सुहास म्हणू. त्यांच्या परवानगीने लिहिते आहे. ओळख पटू नये म्हणून इतरांच्या अनुभवातले काही तपशील यात मिसळले आहेत.

चाळिशी ओलांडलेले, कोथरूडला राहणारे, शिवाजीनगरला ऑफिस. जाताना फर्ग्युसन रस्ता, येताना जंगली महाराज रस्ता, सगळं सायकलवर. पहिल्या भेटीला पत्नी बरोबर होत्या. त्या म्हणाल्या, "हे घरी येतात ते भांडूनच येतात. कोणाशी भांडले ते आम्हाला माहीत नसतं, पण उरलेलं भांडण आमच्याशी होतं." मुलगी पूर्वी रविवारी वडिलांबरोबर खडकवासल्यापर्यंत सायकलने जायची. हल्ली ती "बाबा, आज नको" म्हणते.

सुहासनी मोबाइल पुढे केला. त्यात नोंदी होत्या. तारीख, चौक, गाडीचा नंबर, काय केलं. कट मारला. सिग्नल तोडला. अंगावर हॉर्न वाजवला. थुंकला. पानंच्या पानं. "हा पुरावा आहे," ते म्हणाले. खोटं त्यात काहीच नव्हतं. मी सगळ्या नोंदी वाचल्या, घाई केली नाही. राग घेऊन येणाऱ्याचं म्हणणं आधी पूर्ण ऐकावं, हे मी नव्या समुपदेशकांनाही नेहमी सांगते.

नोंदी सुरू झाल्या होत्या दोन वर्षांपूर्वी, एका अपघातानंतर. गरवारे महाविद्यालयाच्या अलीकडे कडेला उभ्या असलेल्या एका गाडीचं दार एकदम उघडलं आणि सुहास त्यावर आदळून रस्त्यावर पडले. मनगटाला फ्रॅक्चर, गुडघा सोललेला. हा प्रसंग त्यांनी मला वेगवेगळ्या भेटींत पुन्हा पुन्हा सांगितला आणि दर वेळी तो एकाच वाक्यावर संपला: "त्याने दार ओढून घेतलं, आणि गाडी निघून गेली."

माणूस गोष्ट कुठे संपवतो याकडे माझं फार लक्ष असतं. काय सांगितलं याच्याइतकंच, कुठे थांबलं हेही बोलकं असतं. म्हणून एका भेटीत ते त्या वाक्यापाशी आले तेव्हा मी विचारलं,

"मग तुम्ही घरी कसे पोहोचलात?"

"म्हणजे?"

"गाडी निघून गेली. तुम्ही कर्वे रस्त्यावर पडला आहात, मनगट मोडलंय, मागून वाहनं येताहेत. त्यानंतर?"

ते बराच वेळ काही बोलले नाहीत. हा प्रश्न त्यांना कोणी विचारलेलाच नव्हता.

"रिक्षाने," शेवटी ते म्हणाले. "आधी हॉस्पिटलला, मग घरी."

"रिक्षा कोणी बोलावली?"

"एक मुलगी होती. ॲक्टिव्हावर. कॉलेजातली असेल. तिने गाडी माझ्या मागे आडवी लावली, म्हणजे मागचे लोक वळसा घालून जातील. तिनेच हात करून रिक्षा थांबवली." पुन्हा थांबले. "एक शहाळीवाला होता, त्याने पाणी आणून दिलं. सायकल समोरच्या झेरॉक्सच्या दुकानात ठेवली. दुकानदार म्हणाला, काका, नऊपर्यंत उघडं आहे, आज नाही जमलं तर उद्या न्या."

"आणि रिक्षावाला?"

"त्याने मीटर पाडलंच नाही." हे सांगताना त्यांचा आवाज बदलला. "पैसे द्यायला खिशात हात घालता येत नव्हता मला. तो म्हणाला, राहू द्या, हात सांभाळा."

मी काहीच बोलले नाही. अशा वेळी समुपदेशकाने बोलू नये, आठवण स्वतःच्या पायांनी येऊ द्यावी.

"मागे पीएमपीची बस उभी होती," ते आणखी हळू म्हणाले. "मी उठेपर्यंत ती तशीच उभी होती. मागून हॉर्न चालू होते सगळ्यांचे. पण बसचा नव्हता."

माझ्या कामातल्या ज्या वाक्यांनी मला काही शिकवलं, त्यांत हे वाक्य मी फार वर ठेवते. हॉर्न होते, पण बसचा नव्हता. रस्त्यावरच्या वाईट वागण्याला आवाज असतो, वेग असतो, नंबरप्लेट असते. चांगलं वागणं बहुतेक वेळा कोणी काही न करण्यात असतं. कोणी हॉर्न दाबत नाही, चढावर सायकलच्या मागे वेग कमी ठेवतो, वळण असूनही आधी तुम्हाला जाऊ देतो. या न घडलेल्या गोष्टींची नोंद कुठे होणार? सुहासच्या मोबाइलमध्ये ज्या पद्धतीने नोंदी होत होत्या, त्या पद्धतीत चांगुलपणा बसायला जागाच नव्हती. त्यामुळे त्यांचा पुरावा खरा होता आणि निष्कर्ष चुकीचा होता.

शिवाय अनोळखी माणसाच्या चुकीचं मूळ आपण त्याच्या स्वभावात शोधतो आणि आपल्या चुकीचं परिस्थितीत. त्याने कट मारला म्हणजे तो माजोरी आहे. मी कट मारला कारण समोर खड्डा आला. ली रॉस या मानसशास्त्रज्ञाने १९७७ मध्ये या प्रवृत्तीच्या पहिल्या भागाला माणसाच्या विचारातली मूलभूत गफलतच म्हटलं. रस्त्यावर ही गफलत जास्त होते, कारण तिथे चेहरा दिसायच्या आत माणूस निघून गेलेला असतो.

पुढच्या भेटीला मी मुद्दाम पत्नीला बोलावलं आणि सुहासना तीच गोष्ट पूर्ण सांगायला लावली, ॲक्टिव्हा, शहाळीवाला, मीटर, बस, सगळ्यासकट. त्या ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "अहो, हे तुम्ही कधी बोललाच नाहीत. मला वाटलं कोणी थांबलंच नाही. मी दोन वर्षं पोरीला एकटीला सोडायला घाबरतेय." राग घरात येतो हे सगळ्यांना माहीत असतं. अर्धवट सांगितलेली गोष्टही घरात येते आणि ती घरातल्यांच्या मनात भीती होऊन राहते, हे मी तेव्हापासून प्रत्येक कुटुंबाला सांगते.

यानंतर मी सुहासना एक काम दिलं. नोंदी बंद करायच्या नाहीत, पण घरी गेल्यावर एक फेरी आरंभापासून शेवटापर्यंत सांगायची. कोणी थांबलं, कोणी जागा दिली, कोणी नुसतंच मागे राहिलं, तेही सांगायचं. घरच्यांना मी सांगितलं, "आज कोणी त्रास दिला का?" असं विचारू नका, "आज रस्त्यावर कोण कोण भेटलं?" असं विचारा. प्रश्न बदलला की आठवणीही वेगळ्या येतात. सुरुवातीला सुहासना हे पोरकट वाटलं. मग एकदा त्यांनी सांगितलं, की नळ स्टॉपच्या सिग्नलला एक वॉचमन रोज भेटतो, जुनी काळी चोवीस इंची सायकल, रात्रपाळी करून घरी निघालेला. दोघं एकमेकांकडे बघून मान हलवतात. "हे मी आत्ता सांगतोय, पण चालू कधीपासूनच आहे," ते म्हणाले.

ते झेरॉक्सच्या दुकानातही जाऊन आले. दुकानदाराला ते आठवले नाहीत. आठवली ती सायकल. "ती निळी? हो, हो, होती खरी." सुहास थोडे खट्टू झाले. मला मात्र ही त्या सगळ्या प्रकरणातली सगळ्यात चांगली बातमी वाटली आणि मी तसं त्यांना सांगितलं. आपण कोणाला मदत केली हे ज्याला आठवत नाही, त्याच्यासाठी मदत ही विशेष गोष्ट नसते. तो आठवड्यातून एकदा तरी कोणाचं काहीतरी ठेवून घेत असणार.

काही दिवसांनी ते पुन्हा चिडून आले. "मी सगळ्यांना हात करून थँक्यू म्हणतो, जागा देतो, तरी आज एकाने कट मारलाच!" हा टप्पा जवळजवळ प्रत्येकाच्या बाबतीत येतो. मी अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिसच्या विचारांवर वाढलेली समुपदेशक आहे. एलिसने १९५५ च्या सुमारास जी पद्धत मांडली आणि कि. मो. फडके यांनी जी मराठी माणसापर्यंत आणली, तिचा गाभा इथे फार उपयोगी पडतो. लोकांनी नीट गाडी चालवावी ही इच्छा अगदी रास्त आहे, ती सोडू नका. पण मी चांगला वागतो म्हणून त्यांनीही तसंच वागलं पाहिजे, नाहीतर ती माणसंच नव्हेत, हा हट्ट आपल्याला पोखरतो. चांगलं वागणं ही परतफेडीच्या बोलीवर दिलेली उसनवारी केलीत, तर रोज संध्याकाळी वसुलीला बसावं लागेल.

हॉर्नबद्दलही आम्ही खूप बोललो. सुहासना प्रत्येक हॉर्न शिवीसारखा लागत असे. माझ्याकडे येणारे एक कॅबचालक म्हणाले होते, "सायकलवाला दिसला की मी वाजवतोच. तो अचानक वळला तर? मागे कोणी आहे हे त्याला कळायला नको?" आपल्याकडे वर्षानुवर्षं ट्रकच्या पाठीवर हॉर्न वाजवायचं आमंत्रणच रंगवलेलं असे, महाराष्ट्र सरकारने २०१५ मध्ये ते लिहायला बंदी केली, पण हाताची सवय एका आदेशाने जात नाही. मी हॉर्नची बाजू घेत नाही. वाजवणाऱ्याच्या मनात काय आहे हे आपल्याला ठाऊक नसतं, एवढंच म्हणते. अंगात एकदम उसळलेलं ते तापणं आपण पुन्हा पुन्हा ढवळलं नाही तर काही मिनिटांत ओसरतं. त्या मिनिटांत पाठलाग करायचा नाही, काचेवर थाप मारायची नाही. बाजूला थांबून पाणी प्यायचं आणि मग निघायचं.

गाडीवाल्यांनाही दोन गोष्टी सांगते, कारण तेही माझ्याकडे येतात. आपल्याकडे चालकाचं दार रहदारीच्या बाजूला उघडतं. ते उजव्या हाताने न उघडता डाव्या हाताने उघडून पाहा. अंग आपोआप वळतं आणि नजर आरशाकडे, मागच्या रस्त्याकडे जाते. नेदरलँड्समध्ये लांबच्या हाताने दार उघडायची ही सवय गाडी शिकतानाच लावली जाते. मागे बसलेल्यांना उतरताना आठवण करा. रिक्षातून उजवीकडे उडी मारणाऱ्या प्रवाशालाही हे लागू आहे. सायकलवाल्यांनी उभ्या गाड्यांपासून उघड्या दाराएवढं अंतर ठेवावं, मागचा कितीही हॉर्न वाजवो.

दुसरी गोष्ट थांबण्याची. "थांबलो तर पोलिसांचं लचांड मागे लागेल" हे मला सुशिक्षित माणसांकडूनही ऐकायला मिळतं. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मदत करणाऱ्यांना संरक्षण देणाऱ्या मार्गदर्शक सूचनांना कायद्याचं बळ दिलं आणि २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४-अ आलं. अपघातग्रस्ताला सद्भावनेने मदत करणाऱ्यावर दिवाणी वा फौजदारी जबाबदारी टाकता येत नाही, आणि नाव-पत्ता सांगायची सक्तीही नाही. त्या ॲक्टिव्हावाल्या मुलीला हे माहीत होतं की नाही कोण जाणे, पण ज्यांचे पाय या भीतीने अडखळतात त्यांना ते माहीत हवं.

सुहासना अजूनही राग येतो. मोबाइलमधल्या नोंदी आहेत, कमी झाल्या आहेत. काही चौक त्यांनी सरळ टाळले आणि घरातून निघायची वेळ अलीकडे आणली, हे मला फार आवडलं. मुलगी पुन्हा रविवारी बरोबर निघते.

पण प्रत्येकाला एवढ्याने भागत नाही. पडल्याचा क्षण डोळ्यांपुढून हटत नसेल, त्या ठिकाणाहून जाताना घाम फुटत असेल, झोपेतून दचकून उठणं थांबत नसेल, किंवा रागात कोणाच्या मागे गाडी घातली असेल, तर हे घरच्या घरी सोडवत बसू नका. मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. लगेच जाणं जमत नसेल तर १४४१६ या टेलि-मानसच्या, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या, मोफत क्रमांकावर मराठीतही बोलता येतं. जाताना घरातलं कोणीतरी बरोबर न्या आणि अपघाताची गोष्ट तिथे पूर्ण सांगा, गाडी निघून गेल्यानंतरचीही.