फिक्या बँडचा अर्थ

अनेक आशीर्वाद.

तुझे ब्लॉट, म्हणजे प्रथिनं वजनानुसार वेगळी करून अँटीबॉडीने ओळखलेले पट्टे, पाहिले. एनएचईआरएफ-१ हे जोडणारं प्रथिन नसलेल्या उंदरांच्या यकृतात एझ्रिन या प्रथिनाचा बँड (पट्टा) फिका, आणि खाली तुझं वाक्य : ‘एनएचईआरएफ-१ एझ्रिनची पातळी राखतं.’ असेलही, पण या ब्लॉटवरून ते म्हणता येत नाही.

मुळात हा बँड कोणत्या पेशींचा? हेपॅटोसाइटमध्ये, म्हणजे यकृताच्या मुख्य पेशींत, ईआरएम कुटुंबातलं (एझ्रिन, रॅडिक्सिन, मोएसिन; पेशीचा पडदा ॲक्टिनच्या तंतूंशी बांधणारी प्रथिनं) ठळक प्रथिन रॅडिक्सिन. एझ्रिन मुख्यतः पित्तनलिकांच्या पेशींत. अख्खं यकृत वाटलंस की दोन्ही एकाच नळीत. त्यात दोघांचं वजन ८० किलोडाल्टनच्या आसपास, त्यामुळे तिन्ही ईआरएम ओळखणारी अँटीबॉडी लावली तर काय फिकं पडलं ते कळणारच नाही. आधी हेपॅटोसाइट वेगळ्या कर आणि रॅडिक्सिनची स्वतंत्र अँटीबॉडी वापर.

आणि लोडिंग कंट्रोल, म्हणजे प्रत्येक रांगेत सारखंच प्रथिन घातलं का हे तपासायची मोजपट्टी, ॲक्टिन? अभ्यास सायटोस्केलेटनचा (पेशीच्या सांगाड्याचा), मग मोजपट्टी त्यातलीच कशी घ्यायची! जीएपीडीएच या नेहमीच्या कंट्रोल प्रथिनावरही यकृतात डोळे झाकून विसंबू नकोस. पाँसोने (सगळी प्रथिनं रंगवणाऱ्या रंगाने) ब्लॉटची मेम्ब्रेन रंगव आणि एकूण प्रथिनाशी तुलना कर.

आता खरा मुद्दा. एनएचईआरएफ-१ चे दोन पीडीझेड भाग (इतर प्रथिनांना पकडणारे) एमआरपी-२ सारख्या, पित्तात पदार्थ सोडणाऱ्या वाहकांची शेपटी धरतात. त्याचं स्वतःचं टोक ईआरएमला धरतं आणि ईआरएम ॲक्टिनला. या साखळीतली एक कडी निघाली की काय होतं, ते २००२ साली रॅडिक्सिन नसलेल्या उंदरांत दिसलं : पित्तकेशिकांच्या (हेपॅटोसाइटमधल्या पित्ताच्या बारीक वाटांच्या) पडद्यावरून एमआरपी-२ गेलं आणि रक्तात संयुग्मित बिलिरुबिन (यकृताने पित्तात टाकण्यासाठी तयार केलेलं) वाढलं. २००४ साली एनएचईआरएफ-१ नसलेल्या उंदरांच्या मूत्रपिंडात आणि आतड्यात पडद्याच्या फ्रॅक्शनमधलं (वेगळ्या काढलेल्या भागातलं) ईआरएम घटलेलं आढळलं. पडद्याच्या, हे विसरू नकोस. घरातलं सामान तेवढंच, फक्त ओसरीतून माजघरात गेलं, असंही असू शकतं. म्हणून एकूण लायसेट (फोडलेल्या पेशींचा सगळा रस), पडदा आणि सायटोसोल (पेशीतला द्रव) तिन्ही शेजारीशेजारी चालव.

तिन्हीकडे घट दिसली, तरच ‘पातळी’ म्हण. मग आरएनए बघ. तो तितकाच असेल, तर सायक्लोहेक्झिमाइडने नवं प्रथिन बनणं थांबवून जुनं प्रथिन किती वेगाने संपतं ते मोज, आणि एमजी-१३२ ने प्रोटिएसोम (प्रथिनं मोडणारं यंत्र) अडवल्यावर ते परत साठतं का तेही. जोडीदार गेला म्हणून प्रथिन मोडीत निघणं यकृताला नवीन नाही : केराटिन-८ नसलेल्या उंदरांत केराटिन-१८ चा आरएनए असतो, प्रथिन मात्र टिकत नाही. पण केराटिनं एकमेकांशिवाय तंतू बांधूच शकत नाहीत. रॅडिक्सिनला एनएचईआरएफ-१ ची गरज तितकी कडक आहे का, हे तुलाच दाखवायचंय. माझा कल ‘नाही’कडे आहे.

हे प्रयोग डिशमध्ये करताना सांभाळ. वेगळ्या केलेल्या हेपॅटोसाइट ताटलीत पसरल्या की आपलं रूप सोडू लागतात. ॲक्टिन-ट्युब्युलिनचे आरएनए आपोआप वाढतात. कोलॅजनच्या दोन थरांत ठेव, पित्तकेशिका तयार होऊ दे, आणि नॉर्मल उंदराच्या पेशी त्याच दिवशी, त्याच बॅचमध्ये लाव. हेपजी-२ वर सगळं उरकायचा मोह होईल. ती ट्यूमरची लाइन आहे, पहिल्या चाचणीपुरती ठीक.

पुढच्या वेळी बँड कापून पाठवू नकोस. अख्खी मेम्ब्रेन, पाँसोच्या फोटोसकट, हवी आहे.