दिसायला सारखी, जात वेगळी

प्रश्न : कुजक्या बुंध्यावर मधाच्या रंगाची अळंबी उगवली आहे. फोटो दोन-तीन जातींशी जुळतात. नक्की कोणती, कसं ओळखू?

उत्तर : तुमची नजर चुकलेली नाही. ही आर्मिलेरिया या अळंबीच्या कुळातली (प्रजातीतली) असावी, आणि तिने भल्याभल्यांना चकवलंय. युरोपात अशा बहुतेक सगळ्या अळंब्यांना ‘मेलिया’ या एकाच जातीच्या नावाने ओळखत. १९७८ मध्ये फिनलंडचे बुरशीतज्ज्ञ कोऱ्होनेन यांनी दाखवलं की त्यात आपसात संकर न होणाऱ्या पाच जाती आहेत.

संकर होतो का, हे पाहण्याची ती चाचणी मी कितीदा तरी केली आहे. एकेका बीजाणूपासून वाढवलेल्या दोन वसाहती बशीत शेजारी ठेवायच्या. दोन्ही पांढऱ्या, कापसासारख्या. जोडी जुळली, म्हणजे दोन्ही एकाच जातीच्या असल्या, की काही आठवड्यांत कापूस बसतो आणि चपटा, तपकिरी पापुद्रा धरतो. तो पाहताना आजही मला हरखून जायला होतं! (एकाच जातीतही प्रत्येक जोडी जुळत नाही, म्हणून अनेक जोड्या लावाव्या लागतात.)

तुम्ही कोवळ्या अळंबीच्या देठावरचं कडं बघा. मेलियाचं जाड, पडद्यासारखं. गॅलिका या दुसऱ्या जातीचं कोळ्याच्या जाळ्यासारखं विरळ, आणि देठ बुडाशी फुगलेला. उरलेल्या जाती मात्र नुसत्या डोळ्यांनी ठरवू नका, त्यांना वरची जोडी लावण्याची चाचणी किंवा डीएनए तपासणी हवी.