टेकडीवर नवीन कोळी सापडलाय असं वाटतंय, त्याला नाव द्यायचं तर काय करावं लागतं?

वेताळ टेकडीवर एका झुडपाच्या पानांना खालून पांढरट, केसाळ चट्टे आहेत, वरून तिथेच पान फुगलंय, भिंगातून पळणारे ठिपके दिसले आणि गूगलवर काहीच सापडलं नाही, असं तुम्ही लिहिलंय. ही प्रजाती नवी असेल तर पुढे काय, पुण्यात कुणाला भेटायचं आणि तुमचं नाव लागेल का, असा प्रश्न आहे. मी कृषी कीटकशास्त्रात एमएस्सी केलंय आणि नंतर बराच काळ कोळ्यांच्या स्लाइड करण्यातच घालवलाय, म्हणून लिहितेय. इथे कोळी म्हणजे जाळं विणणारा मोठा कोळी नव्हे, तर इंग्रजीत ज्याला माइट म्हणतात तो अगदी बारीक जीव.

आधी त्या ठिपक्यांबद्दल. भिंगातून जे तुरुतुरु पळताना दिसलं, त्याने ते चट्टे केलेले नसणार. असे केसाळ चट्टे बहुतेक वेळा एरिओफाईड कोळी करतात. त्यांची लांबी ०.१ ते ०.३ मिमी, अंग गाजरासारखं निमुळतं, आणि इतर कोळ्यांना पायांच्या चार जोड्या असतात तिथे यांना दोनच. ते पळत नाहीत, सरपटतात, आणि साध्या भिंगातून जवळजवळ दिसतच नाहीत. तुम्हाला दिसला तो बहुधा यांना खाणारा शिकारी कोळी असेल. चट्ट्यातले केस स्टिरिओ मायक्रोस्कोपखाली सुईने बाजूला केलेत तर बुडाशी फिकट पिवळसर कोळी दिसतील. फुगवट्याच्या आत नारिंगी अळी निघाली तर मात्र प्रकरण गादमाशीचं (पानात गाठी करणाऱ्या बारीक माशीचं) आहे आणि हे उत्तर तुमच्या कामाचं नाही.

गूगलवर नाव न सापडण्याला फारसा अर्थ नाही. एरिओफाईडच्या चार हजारांहून जास्त प्रजातींना नावं मिळाली आहेत आणि त्यांतल्या कितीतरींची वर्णनं जुन्या शोधनिबंधांत पडून आहेत. पुण्यातल्या रस्त्यांवरच्या करंजाच्या पानांवर ज्या गाठी दिसतात, त्या बघून दरवर्षी कुणीतरी विचारतं. त्या कोळ्याला कायफर या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९६६ सालीच एसेरिया पोंगामी हे नाव दिलंय. तुरीचा वांझ रोग पसरवणारा एसेरिया कजानी त्याच वर्षी चन्नबसवण्णा या भारतीय शास्त्रज्ञांनी वर्णन केला. नारळाच्या फळांवर देठाजवळ तपकिरी चट्टे पाडणारा कोळी १९९८ च्या सुमारास केरळात दिसला तेव्हा सगळ्यांना नवा वाटला, पण त्याचं वर्णन मेक्सिकोच्या नमुन्यांवरून १९६५ मध्येच झालेलं होतं. आपल्याकडे पहिल्यांदा दिसणं वेगळं आणि शास्त्राला नवं असणं वेगळं. पहिली नोंदसुद्धा छापण्याजोगी असते, लोक उगाच तिला कमी लेखतात.

म्हणून सुरुवात कोळ्यापासून करू नका, झुडपापासून करा. एरिओफाईड सहसा एकाच वनस्पतीला किंवा तिच्या अगदी जवळच्या भाईबंदांना धरून राहतात. त्यामुळे झुडपाचं नाव पक्कं झालं की त्यावर आणि त्याच्या जीनसमधल्या (जवळच्या प्रजातींच्या गटातल्या) इतर झाडांवर आजवर कोणते कोळी नोंदले गेलेत, तेवढी यादी तपासायची उरते. फूल किंवा फळ असलेली फांदी दाबून वाळवा आणि कोरेगाव रस्त्यावर बोटॅनिकल सर्व्हेचं पश्चिम विभागाचं कार्यालय आहे, तिथे विचारा. नुसत्या फोटोवरून कुणी नाव सांगितलं तर ते गृहीत धरू नका. झुडूप चुकलं की पुढचं सगळंच चुकतं.

चट्टेवाली काही पानं कागदात गुंडाळून वाळवून ठेवा, काहींचे तुकडे ७० टक्के अल्कोहोलमध्ये. दोन्हीवर तारीख, जागा आणि झुडपाचं नाव पेन्सिलीने लिहा, पेनाची शाई अल्कोहोलमध्ये विरघळते. वाळलेल्या पानातले कोळीसुद्धा नंतर भिजवून वापरता येतात. जागा वन विभागाची असेल तर आधी त्यांची परवानगी घ्या.

खरी परीक्षा स्लाइडची. पापणीचा एक केस काडीला चिकटवून त्याने एकेक कोळी उचलायचा आणि होयरच्या माध्यमात ठेवायचा, म्हणजे गोंद, क्लोरल हायड्रेट, ग्लिसरीन आणि पाणी. थेंब मोठा झाला तर कोळी कव्हरस्लिपच्या कडेला वाहत जातो, लहान झाला तर हवा शिरते. काही माद्या पाठीवर, काही पोटावर, काही कुशीवर हव्यात. माध्यम ओलं असताना कव्हरस्लिप सुईने किंचित सरकवली की कोळी गडगडत कूस बदलतो. हे एकदा हाताला जमलं की काम पुष्कळ सोपं होतं. मग स्लाइड उबेत आठवडाभर तरी वाळवायची आणि कडा सील करायच्या, नेलपॉलिशही चालतं. पुण्याच्या पावसाळ्यात सील न केलेली स्लाइड ओलावा धरते आणि जुलैत केलेलं काम ऑगस्टमध्ये वाया जातं.

पुढे फेज कॉन्ट्रास्ट मायक्रोस्कोप (पारदर्शक नमुन्यांतले बारकावे उठून दाखवणारा) आणि तेलातलं शंभरपट ऑब्जेक्टिव्ह लागतंच. पाठीच्या ढालीवरच्या रेषा, पायाच्या टोकाच्या पिसासारख्या नखीला किती फाटे, मादीच्या जननझाकणावरचे कंगोरे, अंगावरची वलयं, प्रत्येक केसाची लांबी, हे सगळं मोजायचं आणि काढायचं. हो, काढायचं, हाताने. फोटोत एका वेळी एकच पातळी स्पष्ट दिसते, रेखाटनात सगळ्या एकत्र आणता येतात. चांगलं चित्र नसलेल्या वर्णनावर पुढे कुणी विश्वास ठेवत नाही, आणि माझ्या मते ते बरोबरच आहे. डीएनए बारकोड (प्रजाती ओळखायला वापरतात तो डीएनएचा ठरावीक तुकडा) जोडलात तर उत्तम, पण तो चित्राची जागा घेत नाही. चट्ट्यांऐवजी पानावर जाळी असती तर ते लाल कोळ्याच्या गटातलं निघालं असतं आणि तिथे वेगळीच गंमत. त्या गटातल्या टेट्रानिकस या जीनसमध्ये प्रजाती ठरते ती नराच्या जननेंद्रियाच्या आकारावरून, तेही तो बरोबर कुशीवर असेल तरच. नर नसेल तर शेकडो माद्या असूनही काही ठरत नाही.

एक नमुना होलोटाइप ठरतो, म्हणजे नाव कायमचं ज्याला बांधलेलं असतं तो; वर्णनात वापरलेले बाकीचे पॅराटाइप. जैवविविधता कायदा २००२ च्या कलम ३९ प्रमाणे नवी प्रजाती सापडल्याचं ठरवून दिलेल्या भांडाराला (नमुने जपून ठेवणाऱ्या संस्थेला) कळवावं लागतं आणि नमुने तिथे जमा करावे लागतात. झूलॉजिकल सर्व्हेचं पश्चिम प्रादेशिक केंद्र आकुर्डीला आहे, तिथे चौकशी करा. शिवाजीनगरच्या कृषी महाविद्यालयाचा कीटकशास्त्र विभागही विचारायला चांगला. फक्त जाताना पानं घेऊन जा, मोबाइलवरचे फोटो नाही. झूटॅक्सासारख्या नियतकालिकात छापायला पैसे पडत नाहीत. पैसे घेऊन आठवड्यात छापणाऱ्यांपासून लांब राहा, कारण तिथलं नावही नियमांत बसलं तर कायमचं राहतं आणि पुढच्या माणसाला ते निस्तरत बसावं लागतं.

आता तुमचं नाव. स्वतःचं नाव प्रजातीला देणं नियमाने बंद नाही, पण कुणी करत नाही. प्रजातीच्या नावापुढे लेखकाचं आडनाव आणि साल येतंच, म्हणजे वर्णनात तुमचा खरा वाटा असेल तर तुम्ही सहलेखक म्हणून तिथे याल. नुसते नमुने गोळा केले असतील तर संग्राहक म्हणून नाव छापलं जातं, आणि लेखकाला वाटलं तर तो तुमच्या नावावरून प्रजातीला नाव देऊ शकतो. पानं सोपवण्याआधी हे तोंडी का होईना बोलून घ्या, नंतर विचारायला अवघड होतं.