उसाआड गेलेला दिवा : ट्रॉलीच्या दिव्यांबद्दल वाचकांची प्रश्नोत्तरे

कारखान्यांचे बॉयलर पेटले की या सदराकडे येणारे प्रश्न एकाच वळणाचे होतात. इतर वेळी सेल्फ लागत नाही, डायनॅमो चार्ज करत नाही. नोव्हेंबर उजाडला की ट्रॉली, लाइट आणि रेडियम. यंदा आलेल्यांपैकी सात प्रश्न इथे घेतले आहेत.

माझ्या दोन्ही ट्रॉल्यांना मागे लाल दिवे आहेत आणि ते चालू आहेत. तरी परवा रात्री एक मोटारसायकलवाला अगदी हातभर अंतरावर येऊन थांबला. म्हणाला, "दिवा कुठाय तुमचा?" दिवे कमी पडतात का? (ट्रॅक्टर मालक, शिरोळ)

दिवे कमी पडत नाहीत, दिसत नाहीत. आज रात्री एक करा. फडातून भरलेली ट्रॉली रस्त्याला लागली की ड्रायव्हरला थांबवा, दिवे चालू ठेवा आणि शंभर पावलं मागे चालत जा. मग वळून बघा. तुमचे दिवे चॅसिसला, मागच्या फळीच्या खाली बसवलेले असणार. ट्रॉली रिकामी असताना ते छान दिसतात. भरल्यावर उसाचे शेंडे फळीच्या बाहेर दोन-तीन फूट लोंबतात आणि दिवा त्या पाल्याच्या आत जळत राहतो. बाहेर येतो तो फक्त तांबूस धूर असल्यासारखा उजेड.

यावर टिकणारा उपाय एकच आहे, सुटी पट्टी. पाचेक फुटांचा ॲल्युमिनियमचा अँगल घ्या. दोन्ही टोकांना एक-एक दिवा बसवा, प्रत्येकात टेल, ब्रेक आणि इंडिकेटर. मधल्या जागेत लाल रेडियम. ही पट्टी दोन हुकांनी, ऊस आवळलेल्या दोरखंडाला किंवा साखळीला, उसाच्या बाहेरच्या अंगाला लटकवायची. वायर तीन-चार मीटर ढिली ठेवायची आणि शेवटी प्लग. कारखान्याच्या वजनकाट्यावरून पुढे गेलं की प्लग काढा, पट्टी काढा, ट्रॅक्टरवर ठेवा. हे मिनिटभरात जमलं पाहिजे, नाहीतर गव्हाणीवर, म्हणजे ऊस उतरवतात तिथे, पहिल्याच दिवशी क्रेनच्या साखळीत तिचा चुराडा होईल. माझ्या पहिल्या पट्टीचा असाच झाला होता. चार बोल्टांनी घट्ट आवळून मी स्वतःला फार हुशार समजत होतो.

दिवे पट्टीच्या अगदी टोकांना का, तर मागून येणारा माणूस दोन लाल ठिपक्यांमधल्या अंतरावरून गाडी किती लांब आहे ते ताडतो. दिवे दीड फुटावर लावले तर जवळची ट्रॉली त्याला लांबची गाडी वाटते. एकच दिवा लावला तर मोटारसायकल वाटते, आणि तो बाजूने काढायला बघतो.

आणि दोन्ही ट्रॉल्यांना पट्टी करा. फडातून एकेक ट्रॉली ओढून रस्त्यावर आणता, तेव्हा पुढची ट्रॉलीही काही काळ शेवटचीच असते.

मी रोज कराड-सांगली रस्त्याने कारने ये-जा करतो. ट्रॉली एकदम समोर उभी राहते, ब्रेक मारायलाही वेळ मिळत नाही. दिवे लावल्याने खरंच किती फरक पडतो? (नोकरदार)

हिशोबच मांडतो. ताशी ८० म्हणजे सेकंदाला २२ मीटर. डिपरवर, म्हणजे खाली झुकवलेल्या हेडलाइटवर, मळकट, बिनदिव्याची ट्रॉली साधारण ४०-५० मीटरवर नजरेत येते, कारण वाळलेला पाला उजेड परत फेकत नाही. दिसल्यापासून पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद धरा. त्यात ३३ मीटर गेले. कोरड्या डांबरावर पूर्ण ब्रेक दाबला तरी थांबायला आणखी ३५ मीटर लागतात. म्हणजे ट्रॉली उभी असेल तर हवेत ६८ आणि हातात आहेत ५०. ट्रॉली ताशी १५ने चालत असेल तर अंतर जेमतेम पुरतं, तेही तुम्ही जागे असाल आणि समोरून कुणी अप्पर, म्हणजे डोळ्यांवर येणारा उंच हेडलाइट, मारत नसेल तर.

चांगली रिफ्लेक्टिव्ह पट्टी दीडशे-दोनशे मीटरवरून चमकते आणि चालू टेललॅम्प त्याहून लांबून दिसतो. ५०च्या जागी १५० मीटर मिळाले की ब्रेक आपटावाच लागत नाही, पाय नुसता ॲक्सिलरेटरवरून निघतो. फरक एवढाच आहे आणि तो पुरेसा आहे. मात्र हंगामात त्या रस्त्यावर रात्री ८०ने जाणं हाही अर्धा प्रश्न आहे, तो तुमच्याकडचा.

कोणतं रेडियम घ्यावं? दुकानात दहा रुपयांपासून सगळं आहे. (अकलूज)

आधी एक गंमत. आपण ज्याला रेडियम म्हणतो त्यात रेडियमचा कणही नसतो. जुन्या घड्याळांचे आकडे अंधारात चमकायचे ते रेडियममुळे. नाव तिथून चिकटलं. ट्रॉलीची पट्टी स्वतः चमकत नाही. तिच्यात बारीक काचेचे मणी किंवा लोलक असतात आणि ते हेडलाइटचा उजेड ज्या दिशेने आला त्याच दिशेला परत पाठवतात.

म्हणून नुसती लाल चकचकीत चिकटपट्टी उपयोगाची नाही. ५० मिलिमीटर रुंदीची, ठरावीक अंतरावर एआयएस ०९०ची (वाहनांच्या चमकत्या पट्ट्यांचं भारतीय मानक) खूण छापलेली टेप मागा. दुकानातच परीक्षा घ्या: मोबाइलचा टॉर्च कपाळाजवळ धरून दहा पावलांवरून पट्टीवर मारा. खरी पट्टी डोळ्यात भरते, खोटी नुसती लाल राहते. रंग ठरलेले आहेत: मागे लाल, बाजूला पिवळा, पुढे पांढरा. गंज आणि ग्रीस घासून, पुसून, कोरड्या पत्र्यावरच चिकटवा.

बाजूचा पिवळा सगळे विसरतात. कारखान्याच्या गेटात वळताना किंवा पाणंदीतून हमरस्त्यावर येताना दोन ट्रॉल्यांचा हा आगगाडीचा डबा रस्ता आडवा भरून टाकतो. त्या क्षणी मागचे दिवे शेताकडे बघत असतात आणि येणाऱ्यासमोर असते फक्त काळी बाजू.

अमेरिकेत ट्रॅक्टरच्या मागे नारिंगी त्रिकोण दिसतो. ओहायो स्टेट विद्यापीठातल्या कृषी अभियंत्यांनी तो १९६०च्या दशकात तयार केला. मधला नारिंगी भाग दिवसा उठून दिसतो, कडेची लाल पट्टी रात्री चमकते. म्हणजे सगळं काम रात्रीचं नाही हे त्यांना तेव्हाच कळलं होतं. आपल्याकडे कारखाने हंगामाच्या सुरुवातीला वाटतात ते रिफ्लेक्टरचं कापड मागे बांधलंत तरी चालेल, फक्त ते रोज ओल्या फडक्याने पुसा. चिखलाखालचं रेडियम म्हणजे चिखलच.

बल्ब काढून एलईडी बसवले तर इंडिकेटर फडफड लागतो. आणि मागच्या ट्रॉलीचा दिवा पुढच्यापेक्षा मंद आहे. ब्रेक दाबला की इंडिकेटरही मिणमिणतो. बॅटरी गेली का? (ड्रायव्हर, वाळवा तालुका)

बॅटरी ठीक आहे. तुमची तीन वेगळी दुखणी आहेत.

फडफड फ्लॅशरमुळे, म्हणजे इंडिकेटर लुकलुकवणाऱ्या डबीमुळे. जुना फ्लॅशर २१ वॉटच्या बल्बांचा करंट ओळखतो. एलईडी इतका कमी करंट घेतो की त्याला बल्ब उडाल्यासारखं वाटतं आणि तो घाईघाईने टिकटिकतो. एलईडीसाठीचा इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर टाका. मिनिटाला ६० ते १२० वेळा लागला की बरोबर. रेझिस्टर जोडून देणारे भेटतील. तो तापतो, आणि शेजारी वाळका पाला असतो. नको.

मंद दिवा वायरीमुळे. बॅटरीपासून दुसऱ्या ट्रॉलीच्या टोकापर्यंत १२ मीटर आणि परत १२, म्हणजे २४ मीटर तांबं. वायर एक चौरस एमएमची असेल तर तिचा रोध ०.४२ ओहम. ब्रेकचे दोन २१ वॉटचे बल्ब साडेतीन अँपिअर ओढतात, म्हणजे दीड व्होल्ट वाटेतच संपला. १२ऐवजी साडेदहा व्होल्टवर बल्बचा उजेड आठव्या हिश्शाने नाही, तिसऱ्या हिश्शाहून जास्त घटतो. अडीच चौरस एमएमची वायर टाकली की गळती सहा दशांश व्होल्टवर येते. एलईडी असतील तर करंटच कमी, त्यामुळे गळती नगण्य. लांब गाडीला एलईडी घ्यायचं खरं कारण हे. उजेड पांढराशुभ्र दिसतो हे नव्हे.

तिसरं दुखणं अर्थचं, म्हणजे करंटच्या परतीच्या वायरीचं, आणि माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या ट्रॉल्यांना हेच असतं. अर्थची वायर वाचवून हूक आणि पिनेवर भरवसा ठेवलेला असतो. त्या पिनेला ग्रीस, गंज आणि माती. करंटला परतीची वाट मिळाली नाही की तो दुसऱ्या दिव्यातून घुसून वाट काढतो, म्हणून ब्रेक दाबल्यावर इंडिकेटर मिणमिणतो. ट्रॅक्टरपासून शेवटच्या पट्टीपर्यंत अर्थची स्वतंत्र वायर ओढा. सात पिनांच्या सॉकेटमध्ये पांढरी वायर अर्थची असते असं मानक सांगतं. पण आपल्याकडे आधीच्या मिस्त्रीकडे ज्या रंगाचा तुकडा शिल्लक होता तो मानक. टेस्ट लॅम्प लावून प्रत्येक पिन तपासा.

पुढचा एकच हेडलाइट लागतो. चालतंय ना? (नाव नको, असं लिहिलंय)

नाही. त्यातून डावा लागत असेल आणि उजवा बंद असेल तर समोरच्याला कडेने मोटारसायकल येतेय असं वाटतं, आणि तुमचं मोठं चाक त्याच्या बोनेटसमोर असतं. आजच बल्ब टाका.

टपावर फिरता दिवा लावावा का? मागे पांढरा एलईडी बारही लावलाय, लांबून दिसतो. (निपाणी)

पांढरा बार आजच काढा. मागून येणाऱ्याच्या डोळ्यांपुढे अंधारी येते आणि त्याला गाडी समोरून येतेय असं वाटतं. मोटार वाहन नियमांत मागच्या बाजूला लाल सोडून दुसरा दिवा दाखवायला मनाई आहे. इंडिकेटर, नंबरप्लेट आणि रिव्हर्सचा दिवा असे मोजकेच अपवाद. पुढे लालही चालत नाही. लाल-निळ्या फिरत्या दिव्याचा विचार तर करूच नका. १ मे २०१७ला तो मंत्र्यांच्या गाड्यांवरूनही उतरला. ब्रिटनमध्ये ताशी २५ मैलांहून हळू चालणाऱ्या वाहनाला दुभाजक असलेल्या वेगवान रस्त्यावर पिवळा फिरता दिवा सक्तीचा आहे, आणि कल्पना चांगलीच आहे. पण आपल्याकडे लावण्याआधी आरटीओत विचारून घ्या. शिवाय तो टपावर लावलात तर मागून दिसणारच नाही, मध्ये दहा फूट उंच ऊस आहे.

जाता जाता : तेवढा तो ट्रॅक्टरवरचा गाण्यांचा स्पीकर कमी करा. मागचा हॉर्न मारून थकतो.

वडील बैलगाडीने ऊस ओढतात. बॅटरी नाही. आणि ट्रॉलीवाले काका विचारतात की रात्री टायर फुटून ट्रॉली सोडून जावी लागली तर दिवा कशावर लावायचा? (विद्यार्थिनी, मूळ गाव बीड जिल्हा)

दोघांचं उत्तर जवळपास एकच, म्हणून एकत्र देतो. ट्रॅक्टर सोडला की ट्रॉलीचा दिवा मेला. उरतं ते रेडियम. म्हणूनच मी दिव्यांआधी रेडियमवर पैसे घाला म्हणतो. काकांनी टूलबॉक्समध्ये सेलवर चालणारा लाल लुकलुकणारा दिवा आणि चमकणारा त्रिकोण ठेवावा. त्रिकोण ट्रॉलीला टेकवून नाही, मागे पन्नास पावलांवर. वळण असेल तर वळणाच्या अलीकडे. चाकाला लावलेले दगड जाताना उचलावेत. ट्रॉली निघून जाते, दगड राहतात, आणि पहाटे दूधवाला त्यावर जातो.

वडिलांच्या गाडीला मागे दोन्ही टोकांना लाल पट्टी, पुढे जूच्या दोन्ही बाजूंना पांढरी. चाकांच्या रिंगवर चार-चार तुकडे पिवळे. चाक फिरलं की ते फिरतात, आणि हलती चमक स्थिर चमकीपेक्षा लवकर डोळ्यात येते. बैलांच्या मागच्या पायांत, खुरांच्या वर, रिफ्लेक्टरच्या कापडाचा सैल पट्टा बांधा. पावलागणिक तो वर-खाली होतो आणि पुढे जनावर चालतंय हे ड्रायव्हरला लगेच कळतं. तळावर पोचल्यावर तो सोडायला मात्र विसरू नका, ओला राहिला की खाली जखम होते. छोटा सौर दिवा मिळतो तोही लावा. फक्त दिवसा तो मोळ्यांखाली राहू देऊ नका. मग रात्री तो लागणार नाही आणि दोष दुकानदाराला जाईल.